दिवा कोणी मालवायचा?

‘ऊर्जाबचत : काळाची गरज’ हा निबंधाचा विषय गेली कित्येक वर्षे दहावी-बारावीच्या सराववह्यांतून आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या सूचनाफलकांवरून आपल्या भेटीला येत आहे. या विषयावरचे निबंध ज्यांनी तपासले आहेत त्यांना त्यांचा साचा सांगावा लागत नाही. पहिल्या परिच्छेदात माणसाला अग्नीचा शोध लागतो, दुसऱ्यात विजेने त्याचे जीवन सुखकर होते, तिसऱ्यात कोळशाचे साठे संपत येतात आणि शेवटच्या परिच्छेदात आपण सर्वांनी मिळून वीज वाचवली पाहिजे असा निर्धार व्यक्त होतो. शुद्धलेखन बरे असेल आणि मध्ये एखादे सुभाषित पेरलेले असेल तर दहापैकी सात गुण कुठे जात नाहीत. हा निबंध लिहिणारा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा घरी गेल्यावर रिकाम्या खोलीतला पंखा बंद करतो की नाही, हा प्रश्न गुणदानाच्या कक्षेत येत नाही. तो येऊही नये, असे कोणी म्हणेल. परंतु भाषेच्या शिक्षकाला तो सर्वस्वी टाळता येत नाही, कारण शब्द आणि कृती यांच्यात एवढे अंतर ठेवूनही उत्तम गुण मिळवता येतात हे मुले आपल्याच तासाला शिकत असतात.

कुमारवयातल्या विद्यार्थ्यांना घरातली वीज वाचवावीशी वाटावी यासाठी नेमके काय घडावे लागते, हा वरवर पाहता मानसशास्त्राचा आणि ऊर्जाशास्त्राचा प्रांत आहे. साहित्याच्या अभ्यासकाने त्यात का शिरावे, याची दोन कारणे आहेत. एक तर बचतीचे सगळे आवाहन शेवटी भाषेतूनच होते. घोषवाक्य, फलक, निबंध, प्रमुख पाहुण्यांचे भाषण आणि घरातली बोलणी ही सारी भाषेचीच रूपे आहेत. ती परिणाम करत नसतील तर ती का करत नाहीत हे तपासणे आपले काम ठरते. दुसरे कारण असे की, या वयात माणूस ज्या एका गोष्टीबद्दल विलक्षण जागरूक असतो ती म्हणजे बोलणाऱ्याचा खरेखोटेपणा. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे : ही मुले उपदेशाने वीज वाचवत नाहीत आणि बक्षिसाने वाचवली तरी फार काळ वाचवत नाहीत. घरातल्या विजेच्या व्यवहारात त्यांना कर्त्याचे स्थान मिळाले तर ती वाचवतात. आणि आपली उपदेशाची भाषा नेमके तेच स्थान त्यांच्याकडून काढून घेते.

प्रथम या भाषेकडे पाहू. ‘वीज वाचवली पाहिजे’, ‘दिवे बंद ठेवण्यात यावेत’, ‘अपव्यय टाळला जावा’ ही आपल्या आवाहनांची नेहमीची वाक्ये. त्यांतून कर्ता निघून गेला तरी कोणाला चुकल्यासारखे वाटत नाही. मराठीच्या जाणकारांना येथे एक शंका येईल, आणि ती रास्त आहे : ‘मी पंखा बंद केला’ हे वाक्यही व्याकरणदृष्ट्या कर्मणीच आहे, तेथेही क्रियापद पंख्याच्या मागे जाते. खरे आहे. पण त्या वाक्यातला ‘मी’ गाळला तर ऐकणारा ‘कोणी?’ असे विचारतो. ‘वीज वाचवली पाहिजे’ असे म्हटल्यावर मात्र कोणीही ‘कोणी?’ असे विचारत नाही. या वाक्याची सोय त्यातच आहे.

जेथे कर्ता उरतो तेथे तो ‘आपण’ असतो. मराठीतले ‘आपण’ मोठे लवचीक सर्वनाम आहे. त्यात बोलणारा आणि ऐकणारा दोघेही येतात, आदराने ‘तुम्ही’ म्हणायचे असेल तरी तेच चालते, आणि ‘आपण बरे की आपले काम बरे’ या अर्थाने ते एकट्यापुरतेही वापरता येते. ऊर्जाबचतीच्या व्याख्यानातले ‘आपण’ पहिल्या अर्थाने उच्चारले जाते आणि दुसऱ्या अर्थाने अभिप्रेत असते. भर दुपारी पडदे ओढून, सगळे दिवे लावून, वातानुकूलित सभागृहात वक्ता जेव्हा ‘आपण आपल्या गरजा कमी केल्या पाहिजेत’ असे म्हणतो, तेव्हा मागच्या रांगेतल्या मुलांना या सर्वनामाचा अर्थ व्याकरणाच्या पुस्तकाशिवाय कळतो. ती निमूट टाळ्या वाजवतात आणि पुढे स्वतः निबंध लिहिताना तेच ‘आपण’ तिसऱ्या कोणालाही उद्देशून वापरायला शिकतात.

जुन्या घरगुती भाषेत हा व्यवहार वेगळा होता. दिवा ‘विझवणे’ अशुभ मानले जाई, म्हणून तो ‘मालवायचा’ किंवा ‘शांत करायचा’. दिवेलागणीपासून निजानीज होईपर्यंत कंदिलात किती रॉकेल जाते याचा हिशेब घरात असे, आणि शेवटी दिवा कोणी मालवायचा हेही ठरलेले असे. त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्या अपुऱ्या उजेडात डोळे कोणाचे बिघडले आणि धूर कोणाच्या छातीत गेला हे आपल्याला ठाऊक आहे. मुद्दा एवढाच की, प्रकाश ही कोणीतरी लावण्याची आणि कोणीतरी मालवण्याची गोष्ट होती. आज आपण ‘लाइट गेली’, ‘लाइट आली’ असे म्हणतो. ती आपली आपण येते आणि जाते. पावसाप्रमाणे येणाऱ्या-जाणाऱ्या वस्तूची बचत करावी असे कोणाला सहजासहजी सुचत नाही.

आता घराकडे वळू. कुमारवयीन मुलाला विजेविषयी घरात जे ऐकावे लागते त्यातले बहुतेक मोबाइलविषयी असते. ‘दिवसभर फोन चार्जिंगला, बिल कोण भरणार?’ हे वाक्य ऐकले नसेल असे मूल शोधावे लागेल. या वाक्याचा हिशेब करून पाहावा. आजच्या मोबाइलची बॅटरी साधारणपणे १५ ते २० वॅट-तासांची असते. चार्ज करताना वाया जाणारी वीज धरली आणि फोन रोज एकदा पूर्ण चार्ज केला, तरी महिनाभरात एक युनिट, म्हणजे १००० वॅट-तास, होत नाही. उलट २००० वॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट खर्च होते. ७५ वॅटचा जुना पंखा रोज बारा तास फिरला तर महिन्याला २७ युनिटे घेतो. तेच काम ३० वॅटचा बीएलडीसी पंखा सुमारे ११ युनिटांत करतो. दीड टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना तासाला साधारण दीड युनिटापर्यंत वीज ओढू शकतो. म्हणजे ज्या वस्तूवरून मुलाला बोलणी बसतात ती घरातली विजेच्या दृष्टीने जवळजवळ सर्वांत निरुपद्रवी वस्तू आहे, आणि ज्या वस्तू खरोखर बिल वाढवतात त्यांवर बोलणी घालणाऱ्यांचाच ताबा आहे.

मोबाइलविषयी आईवडिलांना वाटणारी काळजी खोटी नाही. ती वेळेची आहे, अभ्यासाची आहे, डोळ्यांची आहे. पण ती विजेच्या नावाखाली व्यक्त झाली की विजेचाच मुद्दा खोटा ठरतो. सोळा वर्षांच्या मुलीला भौतिकशास्त्रात वॅट आणि युनिट शिकवलेले असते. ती मनातल्या मनात गुणाकार करते आणि गप्प बसते. पुढच्या वेळी कोणी खरोखरच रास्त गोष्ट सांगितली, तरी तीही तिला त्याच सुरातली वाटते. उपदेशाची पत अशी थोडीथोडी करून जाते.

यातून जबाबदारी आणि अधिकार यांचा प्रश्न पुढे येतो. फ्रिज कोणता घ्यायचा, गीझर किती लिटरचा बसवायचा, पंखा बदलायचा की जुनाच दुरुस्त करायचा हे निर्णय मोठी माणसे घेतात. उपकरणांवर तारांकन करण्याची पद्धत ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २००६ साली सुरू केली. त्या लेबलवर वर्षाकाठी किती युनिटे लागतील तेही छापलेले असते. दुकानात ते लेबल वाचून आकडेमोड करण्याची सर्वाधिक पात्रता घरात बहुधा त्या अकरावीतल्या मुलाकडेच असते. पण त्याला आपण दुकानात नेतो ते खोके उचलायला. दहा वर्षांचा खर्च ठरवणारा निर्णय एका संध्याकाळी त्याच्या गैरहजेरीत किंवा त्याच्या मौनात होतो आणि त्यानंतर दहा वर्षे त्याच्या वाट्याला फक्त बटण येते. ज्याला निर्णयात जागा नाही त्याच्याकडून निष्ठेची अपेक्षा करणे ही आपल्या कुटुंबव्यवस्थेची जुनी सवय आहे.

प्रेरणेविषयी गेल्या काही दशकांत झालेले संशोधन या निरीक्षणाला दुजोरा देणारे आहे. एडवर्ड डेसी या मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग आता अभिजात मानले जातात. त्याने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सोमा नावाचे ठोकळ्यांचे कोडे सोडवायला दिले. काहींना कोडे सुटल्याबद्दल पैसे दिले, काहींना दिले नाहीत. पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळात त्या कोड्याशी खेळत बसण्याची ओढ पैसे मिळालेल्या विद्यार्थ्यांत कमी झालेली दिसली. आपल्याकडे १४ डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन साजरा होतो. त्यानिमित्त चित्रे, घोषवाक्ये, निबंध यांच्या स्पर्धा होतात. त्या स्पर्धा वाईट आहेत असे नाही. मात्र बक्षीस चित्राला मिळते, आणि १५ डिसेंबरला चित्राचे काम संपलेले असते.

दुसरे संशोधन अधिक रोचक आहे. कॅलिफोर्नियात जेसिका नोलन, वेस्ली शुल्ट्झ, रॉबर्ट चालडिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना विचारले की, तुम्ही वीज का वाचवता? लोकांनी पर्यावरणाचे, समाजहिताचे, पैशाचे कारण सांगितले. ‘शेजारी वाचवतात म्हणून’ हे कारण त्यांनी सर्वांत खाली ठेवले. त्यानंतर सॅन मार्कोस या गावात घरोघर दारावर वेगवेगळे संदेश लावून प्रत्यक्ष मीटरचे वाचन घेतले गेले. सर्वांत जास्त वीज वाचली ती तुमचे बहुतेक शेजारी उन्हाळ्यात एसीऐवजी पंखा वापरतात, अशा आशयाच्या संदेशाने. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे माणूस आपल्या कृतीची जी कारणे सांगतो आणि ज्या कारणांनी तो खरोखर वागतो, ती एक असतीलच असे नाही. कथा-कादंबरीच्या वाचकाला हे नवे नाही. पण ऊर्जाबचतीची आवाहने लिहिणाऱ्यांना ते अजून नवे दिसते.

याच गटाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या आधीच्या एका अभ्यासात एक इशाराही आहे. घरोघर शेजारच्या सरासरी वापराचा आकडा कळवल्यावर जास्त वीज वापरणाऱ्यांनी वापर कमी केला, पण सरासरीपेक्षा कमी वापरणाऱ्यांचा वापर वाढला. त्यांच्या कागदावर कौतुकाची एक साधी हसरी मुद्रा काढली, तेव्हा ही वाढ थांबली. तुलना दुधारी असते, हे परीक्षेच्या निकालाच्या दिवशी आपण वर्गात पाहतोच.

तिसरा दाखला थेट किशोरवयाचा आहे, जरी तो विजेचा नसून खाण्याचा आहे. ख्रिस्तोफर ब्रायन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात आठवीच्या विद्यार्थ्यांबरोबर केलेले काम २०१६ साली प्रसिद्ध झाले. चांगले खा म्हणजे प्रकृती सुधारेल, असे नेहमीप्रमाणे सांगितले तेव्हा फारसे काही घडले नाही. पण खाद्यपदार्थांच्या कंपन्या तुमच्या जिभेला चटक लावण्यासाठी काय काय युक्त्या करतात ते उघड करून दाखवले आणि त्यांना न फसणे हे स्वातंत्र्य आहे असे मांडले, तेव्हा दुसऱ्या दिवशी मुलांनी अधिक बरे पदार्थ निवडले. या वयाला आज्ञाधारकपणापेक्षा स्वाभिमानाचे आवाहन लागू पडते. आपली आवाहने मात्र बहुतेक आज्ञाधारक मुलांसाठी लिहिलेली असतात, आणि तशी मुले आवाहनाशिवायही दिवे बंद करतात.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. प्रेरणेचा एवढा खटाटोप कशाला? तंत्रज्ञानाने हे काम बिनबोभाट केले आहे. केंद्र सरकारच्या ‘उजाला’ योजनेत जानेवारी २०१५ पासून ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. ६० वॅटच्या पिवळ्या बल्बाच्या जागी ९ वॅटचा दिवा आला आणि कोणाचेही मनःपरिवर्तन न होता वीज वाचली. हा आक्षेप वजनदार आहे आणि त्यातला मोठा भाग मान्य केला पाहिजे. पण दिवा स्वस्तात जळतो म्हटल्यावर तो रात्रभर जळू देण्याचा संकोचही उरत नाही. शिवाय पुढच्या पाच-दहा वर्षांत आपापली घरे मांडणारी, एसी आणि गाड्या विकत घेणारी पिढी आज आपल्या वर्गात बसली आहे. देशातल्या एकूण वीजवापरात घरांचा वाटा साधारण एक चतुर्थांश आहे. यंत्रे बदलून मिळणारा लाभ टिकवायचा की गिळायचा, हे त्या घरांत ठरणार आहे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. ज्यांच्या घरी वीजच पुरेशी नाही त्यांना बचत कोणत्या तोंडाने सांगायची? २००५ नंतरच्या काही वर्षांतले भारनियमन आमच्या पिढीच्या शिक्षकांना चांगले आठवते. मुंबई झगमगत असताना उरलेल्या महाराष्ट्रात, आणि त्यातही खेड्यांत, तासन्‌तास अंधार असे. आजही शेतीपंपांना जेथे रात्रपाळीने वीज मिळते, तेथे बारावीतला मुलगा बापाबरोबर विजेरी घेऊन मोटर सुरू करायला जातो आणि सकाळी वर्गात पेंगतो. त्याने ‘ऊर्जाबचत : काळाची गरज’ हा निबंध कसा लिहावा? तो लिहितो, कारण तो गुणांसाठी लिहायचा असतो. पण टंचाईने लादलेले कमी आणि आपणहून केलेले कमी यांना एकच शब्द वापरणारी भाषा त्या मुलाशी अप्रामाणिक वागते. कमी वापरणाऱ्याला ‘वाचवा’ म्हणणे आणि अमर्याद वापरणाऱ्यालाही तेच म्हणणे, हा समतेचा आभास आहे.

मुलींच्या बाबतीतही अशीच गल्लत होते. ‘जाता जाता गीझर बंद कर’, ‘सगळे दिवे बघून ये’ ही वाक्ये घरात बहुतेक वेळा ताईला उद्देशून असतात, दादाला नसतात. मुलींमध्ये पर्यावरणाची जाणीव अधिक असते असे आपण कौतुकाने म्हणतो, तेव्हा त्यातली जाणीव किती आणि घरकामाची सवय किती हे वेगळे करून पाहत नाही. कामाला प्रेरणा म्हटले की ते काम वाटून घेण्याचा प्रश्न मिटतो.

मात्र त्या भारनियमनाच्या काळातच एक वेगळी गोष्टही घडली होती. महावितरणची ‘अक्षय प्रकाश’ योजना ज्या गावांनी स्वीकारली, त्यांनी संध्याकाळच्या सर्वाधिक मागणीच्या वेळात मोटरी, शेगड्या अशी जास्त वीज खाणारी साधने आपणहून बंद ठेवायची आणि त्या बदल्यात घरातले दिवे-पंखे भारनियमनाशिवाय चालायचे, असा तो व्यवहार होता. ही संध्याकाळ म्हणजेच अभ्यासाची वेळ. या व्यवहारात तीन गोष्टी होत्या : निर्णय गावाचा होता, पाळणे सर्वांना सारखे होते आणि फळ त्याच रात्री डोळ्यांसमोर दिसत होते. यातली एकही गोष्ट आपल्या निबंधात नसते.

मग वर्गात आणि घरात काय करता येईल? शिक्षकाच्या आवाक्यातल्या गोष्टींपुरतेच बोलतो.

पहिली गोष्ट, वीजबिल वाचणे. अकरावी-बारावीला आपण उपयोजित मराठी शिकवतो : अहवाल, पत्र, माहितीपत्रक. ज्या मराठी मजकुरासाठी जवळजवळ प्रत्येक घर दरमहा पैसे मोजते तो मजकूर मात्र आपण कधी वर्गात उघडत नाही. स्थिर आकार, वहन आकार, वीज आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क या शब्दांचा अर्थ किती सुशिक्षित घरांत सांगता येईल? मुलांना आपापल्या घरचे बिल आणू द्यावे, त्यावरचा मागील महिन्यांच्या वापराचा आलेख वाचू द्यावा, १०० आणि ३०० युनिटांच्या टप्प्यांनंतर दर कसा चढतो ते काढू द्यावे, आणि मग त्याच बिलाचा सोप्या मराठीत अनुवाद करून तो घरच्यांना समजावून सांगायला सांगावे. रक्कम आणि नाव झाकून आणायची मुभा मात्र असावी, कारण बिलात घरची परिस्थितीही छापलेली असते. ज्या घरात बिलाचा अर्थ मुलीला सर्वांत चांगला कळतो, त्या घरात त्या विषयापुरते तिचे स्थान बदलते. मुलांकडून पालकांकडे असा प्रवाह खरोखर वाहतो, हे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात दहा ते चौदा वर्षांच्या मुलांबाबत झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले आहे. हवामानबदल शिकलेल्या मुलांच्या पालकांची त्याविषयीची आस्था वाढली. त्यातही मुलींचा प्रभाव अधिक होता.

दुसरी गोष्ट, विजेची गोष्ट सांगणे. वीज कोठून येते याचे उत्तर पाठ्यपुस्तकात ‘औष्णिक, जल, अणू’ असे येते. पण मुंबईची वीज मुळशीच्या धरणातून आली, आणि त्या धरणासाठी जमिनी देण्यास नकार देणाऱ्या मावळ्यांनी १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट त्यातूनच ‘सेनापती’ झाले. कोयनेच्या १९६० मेगावॅटमागे शिवसागर जलाशयाखाली गेलेली गावे आहेत आणि पुनर्वसनाच्या हक्कांसाठी दशकानुदशके वाट पाहणारी माणसे आहेत. चंद्रपूरचे औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचे आहे, आणि त्याच चंद्रपूरचे नाव केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली गंभीर प्रदूषित क्षेत्रांच्या यादीत घातले होते. एका घरातला एक पंखा बंद केल्याने चंद्रपूरचे धुराडे थांबत नाही, हेही त्याच तासाला सांगितले पाहिजे. मुलांना अपराधी वाटायला लावण्याचा हेतू नाही. बटणाच्या पलीकडे माणसे आहेत एवढे कळले, तरी ‘लाइट आली’ या वाक्यातला गाळलेला कर्ता परत मिळतो. हे काम साहित्याच्या आणि इतिहासाच्या शिक्षकाइतके चांगले कोण करील?

तिसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या वागण्याची. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मधला एक प्रसंग आपण सर्वांनी शिकवला आहे. आंघोळ झालेल्या श्यामला पायाला माती लागू द्यायची नसते. आई आपल्या लुगड्याचे ओचे दगडावर पसरते आणि त्याला त्यावर पाय ठेवू देते; मनाच्या स्वच्छतेविषयी ती जे सांगते ते त्यानंतर. उपदेशाआधी लुगडे पसरलेले आहे, म्हणून तो उपदेश १९३५ पासून आजवर टिकला. विभागातल्या खोलीचे दिवे कोण बंद करते, स्नेहसंमेलनाची रोषणाई किती दिवस जळते, परीक्षा संपल्यावर दालनातले पंखे कोण पाहते, हे विद्यार्थी बारकाईने पाहत असतात. याची उत्तरे आपल्याकडे नसतील, तर निबंधाचा विषय बदलावा हेच बरे.

आणि विषय ठेवायचाच असेल, तर त्याची मांडणी बदलावी. ‘ऊर्जाबचत : काळाची गरज’ याऐवजी विद्यार्थ्यांना एवढेच सांगावे : या महिन्यात तुमच्या घरी वीज वापरण्यात काय बदलले, कोणी बदलले, कोणी विरोध केला आणि का, ते लिहा; काहीच बदलले नसेल तर तसे लिहा. ‘पाहिजे’, ‘यावे’, ‘जावे’ यांना या निबंधात मनाई असावी. सुरुवातीला बहुतेक मुले अर्ध्या पानावर थांबतील, कारण सुभाषितांचा आधार काढून घेतलेला असेल. काही मुले लिहितील की, आजीला रात्री दिवा लागतोच आणि तो बंद करणे बरोबर वाटले नाही. काही लिहितील की, बाबांनी ऐकले नाही. एखादी मुलगी लिहील की, हे काम मीच का करायचे. या सर्व वाक्यांना कर्ता असेल. त्यांना गुण कसे द्यायचे याचा विचार आपल्याला नव्याने करावा लागेल, आणि तो पुढच्या १४ डिसेंबरच्या आत केलेला बरा.